अर्धा मिलिमीटर साग

आईच्या ड्रेसिंग टेबलाचा उजवा खालचा कोपरा सुटला तो जुलैत. केर काढताना झाडूची काडी कशाला तरी अडकली, म्हणून वाकून पाहिलं, तर लाकडाचा एक पातळ पापुद्रा बाहेर आला होता. वाळलेल्या केळीच्या सोपटासारखा वळलेला. झाडूचा आणखी एक हिसका बसला असता तर तुकडा मोडून सुपलीत आला असता. मी तिथेच फरशीवर बसले आणि बोटाने तो हळूच दाबून पाहिला. दाबला की बसायचा, सोडला की पुन्हा उठायचा.

हे टेबल १९६८ सालचं. आईच्या लग्नात आजोबांनी गिरगावातल्या एका सुताराकडून करून घेतलेलं. मधे उभा लंबगोल आरसा, दोन्ही बाजूंना दोन-दोन खण, खाली दोन छोटी दारं. चाळीतल्या दोन खोल्यांत ते खिडकीपाशी असायचं, मग डोंबिवलीला गेलं, आणि आई गेल्यावर पुण्याला माझ्याकडे आलं. लहानपणी मला त्या दोन दारांवर घुबडाचं तोंड दिसायचं. डाव्या दारावरच्या रेषा उजव्या दारावर जशाच्या तशा, पण उलट्या. मधल्या फटीशी दोन्हीकडचे डोंगर एकमेकांना टेकायचे आणि दोन काळे डोळे तयार व्हायचे. रात्री तिकडे पाठ करून झोपायचे मी.

एकदा वडिलांचे एक नातेवाईक घरी आले होते. टेबलावर टिचकी मारून म्हणाले, "हे काय सागाचं नव्हे वहिनी. आत सगळं प्लाय, वरून नुसता सागाचा मुलामा." आई काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. आमचं टेबल खोटं आहे, हे मी त्या दिवशी धरून चालले, आणि पुढे चाळीस वर्षं तसंच धरून चालले. ते माझ्या घरी आल्यावर त्याला जी वागणूक मिळाली, ती त्या समजुतीतून मिळाली. खऱ्या लाकडाचा आजोबांचा पाट मी जपत होते. टेबलाला मात्र ओला पोछा चालत होता, काच पुसायचा स्प्रे चालत होता, गरम चहाचा कप चालत होता.

कोपरा सुटल्यावर पहिला जो सुतार मिळाला त्याला बोलावलं. त्याने कोपरा चिकटवला आणि म्हणाला, "वरचं पॉलिश पार गेलंय, घासून नवं करून देतो." मी हो म्हटलं. त्याने हातात धरायचं घासायचं मशीन लावलं. पाच मिनिटांत वरच्या फळीच्या पुढच्या कडेला तांबूस रंग जाऊन अंगठ्याएवढा फिकट, निर्जीव पट्टा दिसू लागला. मी ओरडले तेव्हा मशीन बंद झालं. साग संपला होता. आतलं प्लाय दिसत होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या टेबलावर साग किती होता. अर्धा मिलिमीटर, फार तर थोडा जास्त.

व्हिनिअर म्हणजे लाकडाचा काप. ओंडका वाफवून किंवा गरम पाण्यात ठेवून मऊ करतात आणि मोठ्या पात्याने त्याचे काप काढतात, सुपारी कातरावी तसे. करवत लावली तर भुसा पडतो, पात्याने काप काढताना जवळजवळ काहीच वाया जात नाही. आजचा व्हिनिअर साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एक इंच जाडीच्या लाकडातून चाळीसेक काप निघतात. पूर्वी हाताने करवतून काढलेले काप दोन-तीन मिलिमीटरचे असत, त्यांना थोडं घासून घेण्याची सवलत होती. आताच्यांना नाही. घन सागाच्या पाटावर ओरखडा पडला तर रंधा मारता येतो, दहा वर्षांनी पुन्हा मारता येतो. इथे एकच कातडी आहे. ती गेली की गेली.

आणि ते घुबड? एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले दोन काप पुस्तकाची पानं उघडावीत तसे शेजारी ठेवले की रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. म्हणजे गिरगावातल्या त्या सुताराने दोन काप निवडले होते, उलगडले होते, फट बरोबर मधे येईल असे कापले होते. मुलामा देणारा माणूस एवढं करत नाही. मुलाम्यात सोनं खोट्यावर चढवून खरं म्हणून दाखवतात. इथे वरचा साग पूर्ण खरा होता, आणि आतलं प्लायही त्याचं काम खरेपणाने करत होतं. त्यातले थर एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले असतात, थरांची संख्या विषम ठेवतात, म्हणून पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून फळी वाकत नाही. सबंध लाकडाची तेवढी रुंद फळी मुंबईच्या हवेत वाकली असती, फाटलीही असती. तूतांखामेनची कबर १९२२ साली उघडली तेव्हा आतल्या सामानावर आबनूसाच्या काळ्या लाकडाचे आणि हस्तिदंताचे पातळ काप बसवलेले सापडले. राजाच्या कबरीत कोणी स्वस्तातली वस्तू ठेवली नसेल.

दुसरे आले ते पॉलिशवाले काका. सत्तरीचे, मूळचे कुडाळचे, आयुष्यभर पुण्यात पॉलिशचं काम केलेले. एका मैत्रिणीने त्यांचा पत्ता दिला. आल्यावर त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. आधी डोळे बारीक करून टेबलाच्या वरच्या फळीकडे उजेडाच्या रोखाने तिरपं पाहिलं. मग नखाने टकटक करत सगळी फळी चाचपली. ठणठण, ठणठण, आणि एका जागी आवाज बसका, पोकळ. "इथे सुटलंय ताई. वरून कळत नाही, पण आत हवा आहे." मग टेबलाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या अंगाला, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावला आणि बोट टेकवलं. बोट चिकटलं. "चपडा," म्हणाले. "आता कोणी वापरत नाही हे. याला स्पिरिट दाखवायचं नाही, कळलं?"

चपडा म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीकसा कीटक राहतो, त्याच्या अंगातून जी राळ पाझरते ती ही. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ती काढतात, झारखंडात सर्वांत जास्त. रांचीला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. लाखेच्या बांगड्या आपल्याला माहीत असतात, पार्सलवरचं सीलही. आजोबांकडच्या ७८ आरपीएमच्या गाण्यांच्या तबकड्यांमध्येही लाखच होती, म्हणून तर पडली की खापरासारखी फुटायची. चपड्याच्या पातळ, सोनेरी पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, कापसाच्या बोळ्यावर मलमलीचं फडकं गुंडाळायचं, बोळा न चिकटता फिरावा म्हणून तेलाचा एखादा थेंब घ्यायचा, आणि गोल-गोल, मग आठच्या आकड्यात, मग रेषांच्या दिशेने हात फिरवत राहायचं. एकावर एक थर इतके पातळ की प्रत्येक थर श्वासाएवढा. त्यातून जी चमक येते तिला खोली असते. प्लास्टिकसारखी वर तरंगत नाही.

पण ही चमक फार हळवी. तिला उष्णता सोसत नाही, दारू सोसत नाही, पाणी साचलेलं सोसत नाही. आता विचार करा, ड्रेसिंग टेबलावर काय काय असतं? सेंट, ज्यात बहुतेक अल्कोहोलच. नेलपॉलिश काढायचं पाणी. केसांचं तेल. आणि माझ्या घरात, चहाचा कप. माझ्या मुलीने कॉलेजात असताना नेलपॉलिश रिमूव्हर सांडला होता, तिथला गोल डाग आजही निस्तेज आहे. आईचं मात्र या टेबलावर अठ्ठेचाळीस वर्षांत काही सांडलं नाही. सांडलं असेल तर लगेच टिपलं असेल. अत्तराची कुपी पितळी तबकडीत, तेलाची बाटली वाटीत, सगळ्याखाली तिने विणलेला क्रोशाचा रुमाल. मला ती जुन्या बायकांची हौस वाटायची.

कपाच्या पांढऱ्या गोलाबद्दल मी काकांना विचारलं. ते लगेच काही करतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "आठ दिवस थांबा. काही ठेवू नका, काही लावू नका. पांढरं आहे म्हणजे दमट पॉलिशमध्येच अडकलंय, लाकडापर्यंत गेलेलं नाही. काळं असतं तर वेगळी गोष्ट." जुना गोल काही हलला नाही, पण त्याच्या शेजारचा, त्याच आठवड्यातला, खरोखरच पुसट होत गेला आणि दहाव्या दिवशी शोधूनही सापडेना. ओल पॉलिशमधून जशी आत जाते तशी बाहेरही येते, तिला वेळ द्यावा लागतो. मी इंटरनेटवर वाचून त्यावर टूथपेस्ट घासणार होते. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिशपेपरच.

सुटलेल्या जागा त्यांनी जोडल्या ते काम मी पूर्ण वेळ शेजारी बसून पाहिलं. पहिल्या सुताराने कोपरा जुन्या सरसावरच चिकटवला होता, म्हणून तो आठवड्याभरात पुन्हा उठला होता. काकांनी आत पातळ पातं घालून पिवळट, ठिसूळ कण बाहेर काढले. हा सरस, जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला. मुंबईत जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे हा सरस दरवर्षी मऊ व्हायचा आणि दरवर्षी पुन्हा घट्ट व्हायचा. पन्नास पावसाळे काढले त्याने. आत कोमट पाण्याने ओला केलेला ब्रश फिरवून जुना सरस उतरवला, पूर्ण सुकू दिलं, आणि मगच पांढरा गोंद भरला. वर प्लास्टिकचा कागद, म्हणजे बाहेर आलेला गोंद ठोकळ्याला चिकटू नये, त्यावर सपाट ठोकळा आणि क्लॅम्प. चोवीस तास हात लावायचा नाही.

वरच्या फळीवरच्या पोकळ जागेचं काम त्याहून नाजूक. काकांनी दाढीच्या पात्याने रेषेच्या बाजूने, रेषेच्या आतच, एक बारीक चीर दिली. आडवी चीर दिली असती तर ती जन्मभर दिसली असती. औषधाच्या सुईतून आत गोंद सोडला, बोटाने पसरवला, ओल्या फडक्याने बाहेरचा टिपला, प्लास्टिक ठेवलं, फळी ठेवली आणि मला म्हणाले, "जड काय आहे घरात?" मी वरवंटा आणला, तांदळाचा डबा आणला. रात्रभर आईच्या टेबलावर पंधरा किलो तांदूळ होते. सकाळी टकटक केलं तर आवाज भरीव.

मशीनने खाल्लेली कड मात्र परत आली नाही. काकांनी चपड्यात रंग मिसळून ती जागा सागाच्या रंगाला आणली, मग मांजराच्या मिशीएवढ्या ब्रशने त्यावर रेषा ओढल्या. समोरून कळत नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की कळतं. "जे गेलं ते गेलं," एवढंच म्हणाले.

मी विचारलं, आता रोज काय करू? त्यांनी सांगितलं ते इतकं थोडं होतं की मी पुन्हा विचारलं. कोरडं मऊ फडकं, रेषांच्या दिशेने. बस. महिन्या-दोन महिन्यांनी हात लागून चिकटपणा आला तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, फडकं त्यात बुडवून इतकं पिळायचं की हाताला गार लागेल पण ओलं लागणार नाही. एक हात मारायचा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगोलग पुसून घ्यायचं. स्प्रे मारायचाच नाही, कारण तो फटींत आणि कडांना शिरतो, आणि व्हिनिअर नेहमी कडेकडून सुटतं. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, केरोसीन नाही. खोबरेल तर नाहीच. आपल्याकडे लाकडाला चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. दोन दिवस चकाकतं, मग ते तेल चिकट होतं, धूळ धरतं, वास येऊ लागतो आणि खाली काळपट थर बसतो. अगदीच वाटलं तर वर्षातून एकदा मधमाश्यांच्या मेणाचं पॉलिश नखाएवढं घ्यायचं आणि चमक येईपर्यंत कोरड्या फडक्याने घासायचं. ज्यात सिलिकोन असतं असले चकचकीत स्प्रे एकदा लावले की पुढे कधी पॉलिश करायचं ठरवलं तर नवा थर धरत नाही.

नवीन घरांतल्या व्हिनिअरवर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असलं रासायनिक पॉलिश असतं. ते चपड्यापेक्षा कितीतरी दणकट, स्पिरिटच्या थेंबाने हलत नाही. पण खालचा काप तेवढाच पातळ असतो आणि कडाही तेवढ्याच कच्च्या. सनमायका ही वेगळीच वस्तू. तो कागदावर छापलेल्या रेषांचा आणि राळेचा पत्रा, तो ओला पुसला तरी बिघडत नाही. फर्निचर करून घेताना आपल्याला काय लावून देतायत हे विचारून ठेवावं. पुसण्याची पद्धत त्यावर ठरते.

खालचा कोपराच आधी का सुटला, हे काकांनी जाताजाता सांगितलं. ते मला अजून टोचतं. कामाला येणाऱ्या मावशी लादी पुसतात तेव्हा पोछाचं पाणी टेबलाच्या पायाला लागतं. रोज. कडेला उघडा असलेला प्लायचा छेद ते पाणी शोषतो, फुगतो आणि वरचा काप ढकलतो. टेबल भिंतीला अगदी टेकवून ठेवलेलं, ती भिंत बाथरूमची. चाळीत आईने प्रत्येक पायाखाली रबराची चकती ठेवली होती आणि टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे असायचं. त्या फटीत माझी कानातली पडायची आणि मी वैतागायचे. पुण्याला सामान हलवताना त्या चकत्या मीच काढून टाकल्या, जुन्या आणि काळ्या झाल्या होत्या म्हणून. खालच्या लादीवर तर आई स्वतः आधी कोरड्या फडक्याचा बंधारा घालायची आणि मगच पुसायची. तिला प्लाय, सरस, चपडा यांतलं काही माहीत असेल असं मला वाटत नाही. तिला तिच्या वडिलांनी दिलेलं टेबल माहीत होतं. पाहुण्याने टिचकी मारून जे सांगितलं, ते तिने ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्याने नेहमीसारखं पुसलंही होतं. वरून खाली, रेषांच्या दिशेने.

मी आता रबराच्या नव्या चकत्या आणल्या आहेत. टेबल दुसऱ्या भिंतीला, खिडकीपासून दूर हलवलं आहे. मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं ना ताई, आमच्या मालकांनी केलेल्या कपाटाला पण मी पाणी लागू देत नाही." त्यांचे यजमान सुतारकाम करतात, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

टेबल हलवताना वरचं सगळं सामान उतरवलं तेव्हा फळीवर एक फिकट चौकोन दिसला. त्याच्या कडा कंगोऱ्याच्या, क्रोशाच्या रुमालाच्या, आणि त्यात मधोमध आणखी फिकट एक आयत. आईची फणेरपेटी तिथे असायची, ती उचलून ठेवलेली मला कधी आठवत नाही. साग उजेडात हळूहळू गडद होतो. जिथे उजेड पोचला नाही तिथे तो १९६८ सालचाच राहिला. काकांना विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, की काही न ठेवता उजेडात राहू दिलं तर वर्षा-दोन वर्षांत पुष्कळसं एकसारखं होईल.

फणेरपेटी कपाटात, आईच्या साड्यांखाली होती. झाकणाच्या आतला आरसा डागाळला आहे, कुंकवाच्या करंड्यात तळाशी अजून लाल कण आहेत. क्रोशाचा रुमाल धुऊन, दोन दिवस कडकडीत वाळवून मी फळीवर अंथरला, कंगोरे चौकोनाशी जुळवून घेतले आणि पेटी तिच्या जागी ठेवली.